मिठाची वाट, पाण्याची वाट

पुणे-सातारा रस्त्यावरून नसरापूरला आत वळायचे, मार्गासनी मागे टाकायची, की वेल्ह्याच्या अलीकडे विंझर लागते. एका अंगाला राजगड, पुढ्यात तोरणा. सुट्टीच्या दिवशी पुण्याची तरुण पोरे मोटारसायकलींवरून भगवे झेंडे लावून येथून जातात. कोणता दरवाजा कोणत्या बुरुजाजवळ आहे आणि कोण सरदार कोणत्या कड्यावरून चढला, हे त्यांना तोंडपाठ असते. त्यात वाईट काही नाही. पण त्यांच्यापैकी एखाद्याला थांबवून विचारा, की बाबा रे, या गडावर जेवणात जे मीठ पडत होते ते कुठून येत होते, आणि ते कोणाच्या पाठीवरून येत होते? तो गप्प बसेल. दोष त्याचा नाही. ज्या पुस्तकांतून तो शिकला त्या पुस्तकांत तलवार आहे, मीठ नाही.

मीठ कोकणातून येत होते. आज विंझरवरून वेल्ह्याला आणि तिथून केळदला गेले, की जग संपल्यासारखे वाटते. डांबरी रस्त्यापुढे कडा आणि कड्याखाली धुके. पण हे टोक मोटारगाडीचे आहे. पायी चालणाऱ्याच्या आणि बैलाच्या दृष्टीने हा दरवाजा होता. केळदच्या मढे घाटाने उतरले की खाली कर्णवडी, पुढे बिरवाडी आणि महाड. भोरच्या बाजूने वरंधा घाट उतरला तरी महाडच. वरून धान्य, कडधान्य, गूळ, तूप, हिरडा खाली जात असे. खालून मीठ, सुकी मासळी, नारळ, सुपारी वर येत असे. आमच्या आजीच्या तोंडी यासाठी एकच वाक्य होते : “भात खाली गेला, की मीठ वर यायचं.” अर्थशास्त्राची जाडजूड पुस्तके वाचूनही मला घाटावरच्या व्यापाराची याहून सोपी व्याख्या सापडलेली नाही.

व्यापारी काफिल्यांचा इतिहास म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर उंट आणि वाळू येते. सहारा वाळवंट, रेशीम मार्ग, थरचे रण. तो इतिहास खराच मोठा आहे. आफ्रिकेतल्या माली देशाचा राजा मन्सा मुसा १३२४ साली सहारा ओलांडून हजला गेला, तेव्हा त्याने वाटेत एवढे सोने वाटले की कैरोच्या बाजारात सोन्याचा भाव पडला, असे इतिहासकार कौतुकाने सांगतात. पण त्याच वाळवंटात तघाझा नावाचे एक ठिकाण होते. इब्न बतूता हा प्रवासी १३५२ साली तेथे गेला. त्याने लिहून ठेवले आहे, की तिथली घरे मिठाच्या लाद्यांची आणि छपरे उंटाच्या कातड्याची होती. झाड नाही, पीक नाही. तिथे राहत होते फक्त गुलाम. ते जमिनीतून मीठ खणून काढत आणि काफिल्यांनी दुरून आणलेल्या खजुरावर, धान्यावर जगत. काफिला आला नाही तर उपासमार. मिठाच्या घरात राहून उपाशी मरायचे! सोन्याचा राजा सगळ्या जगाला माहीत आहे. मीठ खणणाऱ्या त्या माणसांपैकी एकाचेही नाव कोणाला माहीत नाही.

सहारा आणि सह्याद्री यांत अंतर पुष्कळ आहे. पण मिठाच्या गोणीखाली कोण वाकतो आणि इतिहासात कोण ताठ उभा राहतो, हा हिशेब दोन्हीकडे सारखाच आहे.

तथागतांच्या परंपरेला काफिला परका नाही. संबोधीनंतर बुद्धांना पहिले अन्नदान केले ते तपुस्स आणि भल्लिक या दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी. ते राजे नव्हते, पुरोहितही नव्हते, गाड्यांचा तांडा घेऊन वाटेने निघालेले दोन साधे माणूस होते आणि तेच पहिले उपासक ठरले. काफिल्याच्या प्रमुखाला पाली भाषेत सत्थवाह म्हणतात. जातककथांच्या संग्रहातली पहिली कथा सत्थवाहाची आणि दुसरीही सत्थवाहाचीच. दोन्ही कथा निर्जल वाळवंटातून जाणाऱ्या तांड्यांच्या आहेत.

दुसऱ्या कथेचे नाव वण्णुपथ जातक. साठ योजने रुंद वाळवंट, वाळू इतकी बारीक की मुठीत धरता येत नाही, दिवसा निखाऱ्यासारखी तापते. म्हणून तांडा रात्री चालायचा. समुद्रात जसा नावाडी तसा इथे वाट दाखवणारा एक वाटाड्या असायचा, तो ताऱ्यांकडे पाहून दिशा सांगायचा. पाचशे गाड्यांचा तांडा शेवटच्या मुक्कामावर येतो. आता एकच रात्र उरली म्हणून लाकूड आणि पाणी टाकून देतात. त्या रात्री वाटाड्याला झोप लागते, बैल मागे वळतात आणि पहाटे पाहतात तो आदल्या दिवसाच्याच जागी! पाणी नाही. माणसे गाड्यांखाली हताश होऊन पडतात. सत्थवाह मात्र फिरत राहतो. त्याला गवताचा एक झुबका दिसतो. गवत आहे म्हणजे खाली पाणी असलेच पाहिजे. साठ हात खणतात आणि कुदळ खडकावर आपटते. सगळे पुन्हा खाली बसतात. सत्थवाह खड्ड्यात उतरून खडकाला कान लावतो. आत पाण्याचा आवाज! तो आपल्या तरुण सेवकाला सांगतो, पोरा, तू धीर सोडू नकोस, घण घे आणि हा दगड फोड. सगळे थकले होते, तो थकला नाही. दगड फुटला आणि पाणी ताडाएवढे उसळले. सगळे प्याले, बैलांना पाजले. निघताना त्यांनी त्या पाण्याजवळ एक ध्वज उभारला.

हा ध्वज लक्षात ठेवा. शेवटी आपल्याला त्याच्याकडे यायचे आहे.

काफिल्यांच्या याच वाटांनी धम्म चीनपर्यंत गेला. आणि चीनमधून ह्युएन त्संग याच वाटेने इकडे आला. वाळवंटात त्याच्या हातून पाण्याची पखाल सांडली आणि चार रात्री व पाच दिवस तो थेंबभर पाण्यावाचून राहिला, असे त्याच्या चरित्रात आहे. अखेर त्याच्या घोड्यालाच गवत आणि पाणी सापडले. हाच माणूस पुढे इसवी सनाच्या सातव्या शतकात पुलकेशीच्या राज्यात, म्हणजे आपल्या महाराष्ट्रात आला आणि त्याने येथे शंभरच्या आसपास संघाराम असल्याची नोंद केली. पाण्यावाचून मरता मरता वाचलेल्या या भिक्खूने महाराष्ट्रात जे संघाराम पाहिले, तिथे पाण्याची काय व्यवस्था होती?

उत्तर दगडात कोरलेले आहे. जुन्नर, कार्ले, भाजे, बेडसे, कोंडाणे, कुडा, कऱ्हाड. नकाशा पुढे घ्या आणि या लेण्यांवर खुणा करा. बंदरातून घाटमाथ्यावर येणाऱ्या वाटा आपोआप उमटतील. आपल्याकडे या लेण्यांना ‘पांडवलेणी’ म्हणून टाकायची सवय आहे. पांडवांचा यात काही संबंध नाही. हे भिक्खूंचे विहार होते आणि त्यांचे दाते प्रामुख्याने वाटेवरचे लोक होते. कार्ल्याचे महान चैत्य पुरे करणारा भूतपाल हा वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासीचा सेठ होता. त्याच कार्ल्यात धेनुकाकट गावच्या यवनांची दाने आहेत. कुड्याच्या लेण्यात माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे, सत्थवाह आहे. जुन्नरला धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिले.

जुन्नरच्याच एका लेखात वंसकारांच्या, म्हणजे बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीकडे आणि काशाची भांडी करणाऱ्यांच्या श्रेणीकडे धर्मादायाची ठेव ठेवल्याचा उल्लेख आहे. आजच्या भाषेत सांगायचे तर बुरुडांच्या संघटनेला लोक बँकेसारखे मानत होते, आपला पैसा विश्वासाने त्यांच्या हाती देत होते. मग सांगा, सूप-टोपल्या विणणारा हात नंतर हलका कसा ठरला? बांबू तोच, हात तेच. बदलली ती व्यवस्था. माणसाच्या कामाला श्रेणी असणे वेगळे आणि माणसालाच पायरी लावणे वेगळे.

आणि पाणी! या लेखांत ‘पोढी’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. पोढी म्हणजे खडकात खोदलेले पाण्याचे टाके. सोपाऱ्याच्या गोविंददासाने नाणेघाटाजवळ पोढी दिली. बंदरातल्या माणसाने घाटमाथ्यावर पाणी दिले, कारण चढ चढून आलेल्याची तहान त्याला ठाऊक होती. असे पोढीचे लेख अनेक आहेत. त्या लेखांत हे पाणी अमक्याने प्यावे आणि तमक्याने पिऊ नये, अशी अट दिसत नाही. दिले म्हणजे दिले.

आता आपल्या भागाकडे येऊ. भोरपासून पूर्वेला गेले की शिरवळजवळ बौद्ध लेणी आहेत. भोरपासून पश्चिमेला वरंधा उतरले की महाडला गांधारपाले येथे बौद्ध लेणी आहेत. वाटेच्या दोन्ही टोकांना लेणी. हा योगायोग नव्हे, ही वहिवाट आहे. गांधारपाल्यात राजकुमार कानभोज विष्णुपालिताचा लेख आहे. त्यात चैत्यगृह, खोल्या आणि पाण्याची टाकी दान दिल्याची नोंद आहे. सावित्रीच्या खोऱ्यात, महाडच्या अगदी उशाशी, सुमारे १८०० वर्षांपूर्वी कोणीतरी पाणी दान देऊन ते दगडावर लिहून ठेवले. त्या डोंगरावरून महाड शहर दिसते. चवदार तळे तिथून हाकेच्या अंतरावर आहे.

संघ गेला, विहार ओस पडले, पण वाट चालूच राहिली, कारण पोटाला मीठ लागतेच. मधल्या शतकांत देशभर हा भार लमाण-बंजाऱ्यांच्या तांड्यांनी वाहिला. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला १६३२ साली उत्तरेत १४,००० बैलांचा एक तांडा भेटला होता. फ्रेंच व्यापारी तावेर्निएनेही दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचे वर्णन केले आहे. त्याने चार गट सांगितले आहेत : एक धान्य वाहणारा, एक तांदूळ वाहणारा, एक डाळी वाहणारा आणि एक मीठ वाहणारा. दिल्लीच्या सुलतानांच्या, मोगलांच्या आणि इंग्रजांच्या फौजा लढल्या त्या या तांड्यांनी पोचवलेल्या दाण्यावर. १८०३ च्या युद्धात वेलस्लीच्या फौजेमागे तांडे होते. लढाई कोणी जिंकली हे शाळेत शिकवतात. जिंकणाऱ्याला भाकरी कोणी पोचवली हे शिकवत नाहीत.

मग रस्ते आले, रेल्वे आली. १८३० साली बोरघाटात गाडीरस्ता खुला झाला. १८६३ साली त्याच घाटातून रेल्वे धावली. तो लोहमार्ग बांधताना एका टप्प्यावर चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. पटकीने, तापाने, सुरुंगाने त्यातले किती मेले त्याची धड मोजदादही नाही. एका घाटाचे भाग्य उजळले आणि बाकीच्या घाटांचे मावळले. बैलाच्या पाठीवरचा व्यापार मोडला. ज्यांनी देशाला दाणा-मीठ पोचवले त्या भटक्या जमातींना १८७१ च्या कायद्याच्या चौकटीत आणून अनेक प्रांतांत ‘गुन्हेगार’ ठरवण्यात आले. हा शिक्का पुसायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला. म्हणजे राज्यघटना लागू झाल्यावरही अडीच वर्षे! आज त्याच तांड्यांतली माणसे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. तांडा अजून चालतोच आहे, फक्त बैलाच्या पाठीवर आता स्वतःचा माल नाही.

आणि आमचे पूर्वज? या वाटांवर महार कुठे होता? प्रत्येक गावाच्या वेशीवर होता. वाटसरूला पुढच्या गावापर्यंत वाट दाखवणे, सरकारी माणसाचे ओझे डोक्यावर घेऊन पोचवणे, टपाल नेणे, गावची सीमा राखणे, चोराचा माग काढणे, ही त्याची वतनाची कामे. जातककथेतला वाटाड्या आठवा. ज्याच्या डोळ्यावर तांड्याचे प्राण अवलंबून, तो तेथे मानाचा माणूस होता. इथला वाटाड्या वेशीबाहेरचा. त्याने दाखवलेल्या वाटेने सगळे जात, त्याच्या सावलीला मात्र विटाळ मानत. रात्री-अपरात्री हाक आली की उठायचे, तो घरी नसला तर घरातल्या दुसऱ्या कोणी जायचे. हे ‘वतन’ होते म्हणतात! बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे विधेयक मांडले ते उगीच नाही. वतन हा मानाचा तुकडा नसून गळ्यातला दोर आहे, हे त्यांनी समाजाला समजावून सांगितले. तो दोर कायद्याने तुटायला १९५८ साल उजाडले, तेव्हा बाबासाहेब आपल्यात नव्हते.

मढे घाटाची एक कथा सगळे सांगतात. सिंहगडावर पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचा देह १६७० साली याच वाटेने उमरठला नेला, म्हणून घाटाचे नाव मढे, असे म्हणतात. कथेत देह कोणाचा हे आहे. त्या कड्यावरून तो देह खाली उतरवणारे खांदे कोणाचे होते, हे नाही. भोर संस्थानच्या प्रचंडगड आणि राजगड तालुक्यांतल्या वाड्यांवर पिढ्यान् पिढ्या ओझी वाहणाऱ्या माणसांची नावे कोणत्या बखरीत शोधायची?

आता महाडला उतरू. महाड ही मोठी बाजारपेठ. डोंगरातून लाकूडफाटा, गवत घेऊन अस्पृश्य माणसे तिथे येत. दिवसभर उन्हात चालून यायचे, माल विकायचा आणि त्याच बाजारात पाण्याचा घोट मिळायचा नाही. रामचंद्र बाबाजी मोरे यांनी तरुणपणी हे हाल पाहिले. बाजारात येणाऱ्या या माणसांना निदान पाणी मिळावे, म्हणून महाडमध्ये चहाचे दुकान काढण्यात त्यांनी पुढाकार घेतला. तेच दुकान पुढे कार्यकर्त्यांच्या भेटीगाठीचे ठिकाण बनले. महाडच्या परिषदेची मुळे अशी बाजारातल्या तहानेत आहेत.

विचार करा. महाडला वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. चार महिने आभाळ फाटलेले असते. सहाराच्या वाळवंटातही तहानलेल्याला पाणी नाकारणे हे पाप मानतात. आणि इथे भरल्या तळ्याच्या काठावर माणूस तहानलेला! गाई-म्हशी पाणी पिऊन जात, मुसलमान, ख्रिस्ती भरून नेत आणि ज्याने घाट चढून-उतरून बाजारात माल आणला त्याने मात्र दूर राहायचे. साठ योजनांचे वाळवंट या तळ्याभोवती कोणी घातले होते? ते मनुस्मृतीने घातले होते.

कायदा आपल्या बाजूला होता. बोले यांचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ चा. महाड नगरपालिकेनेही १९२४ च्या जानेवारीत तळे खुले केल्याचा ठराव केला होता. पण कागदावरचे पाणी पिता येत नाही. खडकाला कान लावून आतल्या पाण्याचा आवाज ऐकणारा आणि घण घ्यायला सांगणारा कोणीतरी लागतो. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब तळ्याच्या पायऱ्या उतरले आणि त्यांनी ओंजळभर पाणी प्याले. मागे हजारो माणसे होती. त्यानंतर परतणाऱ्या आपल्या माणसांवर काठ्या पडल्या. तळ्यात १०८ घागरी शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून ते ‘शुद्ध’ करण्यात आले. शेणाने शुद्ध होते आणि माणसाने बाटते, असे ते पाणी! २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. त्या परिषदेला जागा देणारे फत्तेखान मुसलमान होते, हेही आपण विसरू नये. कोर्टातली लढाई उच्च न्यायालयाच्या १७ मार्च १९३७ च्या निकालाने संपली. एका ओंजळीसाठी दहा वर्षे!

पाणी पिऊन आपण अमर होणार नाही, आपण इतरांसारखीच माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी तळ्यावर जायचे आहे, असे बाबासाहेबांचे म्हणणे होते. गांधारपाल्याच्या डोंगरावर पाण्याचे दान कोरलेले असताना खाली शहरात पाणी बंद होते. २० मार्चला आपण नवीन काही मागितले नाही. आपण आपल्याच पूर्वजांची वहिवाट पुन्हा चालू केली. पोढी देणाऱ्या गोविंददासाची वाट होती ती.

मार्चमध्ये आणि डिसेंबरमध्ये घाटमाथ्यावरची आपली माणसे वरंधा उतरून महाडला जातात. पावसाळ्यात दरडी कोसळून हा घाट बंद पडतो, उन्हाळ्यात गाड्या तापून कडेला उभ्या राहतात, तरी माणसे जातातच. भाकरी बांधून आणतात, निळी टोपी घालतात, पोरांना तळे दाखवतात. त्यांना माझी एक विनंती आहे. तळ्यावर गेलात की गांधारपाल्यालाही चढा. पोरांना ती टाकी दाखवा, तो लेख दाखवा. येताना शिरवळच्या लेण्यांत थांबा. आणि घाट चढताना त्यांना सांगा, की ही वाट आपल्या आज्या-पणज्यांच्या पायांनी मळलेली आहे. वेल्हे तालुक्याला राजगड नाव देण्याचा निर्णय २०२४ साली मंत्रिमंडळाने घेतला. गडाचे नाव तालुक्याला जरूर द्या. पण गडावर मीठ पोचवणाऱ्या वाटेचे नाव कोण राखणार? ते काम सरकार करणार नाही. ते आपल्याला करावे लागेल. गावोगाव म्हातारी माणसे अजून आहेत. त्यांना कोणत्या घाटाने काय यायचे, कोण आणायचे, मापाला माप काय मिळायचे, वाटेत पाणी कुठे प्यायचे आणि कुठे पिऊ देत नसत, हे विचारा आणि वहीत उतरवून ठेवा. ही माणसे गेली की हे दप्तर कायमचे बंद होईल.

जातककथेत दगड फोडणारा तो तरुण सेवक कोण होता? तथागत सांगतात, की धीर सोडून परत आलेला हा समोरचा भिक्खूच त्या जन्मी तो सेवक होता. म्हणजे ज्याने एकदा दगड फोडला आहे त्याने आता निराश व्हायचे कारण नाही. आपणही एकदा दगड फोडला आहे. तळे खुले झाले. पण पाणी मिळाल्यावर त्या तांड्याने आणखी एक काम केले होते. मागून येणाऱ्यांना लांबून दिसावा म्हणून पाण्याजवळ ध्वज उभारला होता. वरंध्याच्या वळणावर दरवर्षी आपल्या गाड्यांवरचा निळा झेंडा दिसतो, तेव्हा मला तो ध्वज आठवतो. तो खाली पडू देऊ नका.